स्टीलला काही होत नाही?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उन्हाळा आला की बोअरमधून मोटार वर काढण्याचे काम कुठे ना कुठे चालू असते. तीन पायांची घोडी उभी राहते, चेनपुली लागते आणि पाइप एकेक करून वर येतात. लोखंडी क्लॅम्पचे बोल्ट गंजून तांबडे झालेले असतात, पण हातोडीचे दोन टोले बसले की ते कुरकुरत का होईना, सुटतात. अडतो तो चकचकीत ‘एसएस’चा नट. अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो. पुढे जात नाही, मागे येत नाही. पान्याला पाइप घालून जोर लावला की बोल्टचे डोकेच तुटून हातात येते. धुळ्याकडचा मिस्त्री असेल तर तो कपाळावरचा घाम पुसत म्हणतो, “भाऊ, नट जाम व्हई गया.” मग तो तुटलेला तुकडा उन्हात धरून गंज शोधतो. गंजाचा ठिपकाही नसतो.

गंज नाही तर नट अडला कशाने? या प्रश्नाचे उत्तर पंपाच्या बोल्टला लागू पडते तसेच स्टेनलेसच्या पिस्तुलालाही लागू पडते. खान्देशात दोन्ही आहेत. भुसावळला १९४९ पासून आयुध निर्माणी आहे, शेजारच्या वरणगावला १९६४ पासून. धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे. परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी, व्यापारी, बँकांचे आणि सोन्याच्या पेढ्यांचे पहारेकरी जळगाव-धुळ्यात जागोजागी दिसतात. या सगळ्यांच्या मनात एक समजूत पक्की आहे, आणि ती आपल्या भाषेनेच पक्की केली आहे. मराठी घरात नुसते ‘स्टील’ म्हटले की न गंजणारेच पोलाद डोळ्यांपुढे येते. गंजते ते लोखंड. स्टीलला काही होत नाही. या प्रकरणात मला या समजुतीशीच भांडायचे आहे, कारण तिच्यापायी चांगली यंत्रे आणि चांगली हत्यारे वाया जातात.

स्टेनलेस पोलादाचा जन्मच बंदुकीच्या नळीच्या झिजेपासून झाला. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली नावाचा धातुतज्ज्ञ होता. रायफलीच्या नळ्या आतून लवकर झिजतात, त्यावर काही उपाय शोधा, असे काम १९१२ साली त्याच्याकडे आले. गोळी सुटताना तापलेले वायू नळीचा आतला पृष्ठभाग खात जातात. ही झीज क्रोमियम मिसळलेल्या पोलादाने कमी होईल, असा त्याचा कयास होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने जे ओतीव पोलाद केले त्यात क्रोमियम सुमारे १२.८ टक्के होते. धातूची अंतर्रचना पाहण्यासाठी तुकड्यावर आम्ल लावून तो खरवडावा लागतो. हा तुकडा आम्लाला दाद देईना. नळीसाठी चाललेल्या शोधातून सुरीसाठीचे पोलाद हाती आले, आणि शेफील्डच्या सुरीवाल्यांनी ते उचलले. ‘स्टेनलेस’ म्हणजे डाग न पडणारे, हे नाव तिथल्याच अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरी-कारखान्यातील माणसाने दिले. ज्या बंदुकीसाठी शोध सुरू झाला तिच्याकडे हे पोलाद परतायला मात्र पन्नासेक वर्षे लागली. स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘मॉडेल ६०’ हे स्टेनलेसचे रिव्हॉल्व्हर १९६५ साली आले आणि घामट हवेत, अंगालगत हत्यार बाळगणाऱ्या पोलिसांना ते लगेच आवडले.

आता त्या न गंजण्यामागचे गुपित पाहू. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची एक कातडी तयार होते. ती इतकी पातळ असते, मिलिमीटरचे काही दशलक्षांश भाग, की तिच्यातून धातूची चमक आरपार दिसते. ओरखडा पडला तर ही कातडी क्षणात पुन्हा धरते. लोखंडाच्या गंजाची पापुद्री निघत राहते आणि खालचे लोखंड उघडे पडत जाते. क्रोमियमची कातडी घट्ट बसून खालच्या धातूला झाकते. घासणीने रोज घासूनही डबा चाळीस वर्षे टिकतो तो हिच्या जोरावर.

पण ही कातडी पुन्हा धरायला हवा लागते, आणि जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून घासले जातात तिथे हवा शिरत नाही.

कितीही गुळगुळीत दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली डोंगररांगांसारखा दिसतो. सातपुड्याची एक रांग उचलून उलटी केली आणि दुसऱ्या रांगेवर ठेवली तर दोन्ही फक्त शिखरांवर टेकतील. बाकी सगळी पोकळी. केंब्रिजच्या फ्रँक फिलिप बोडन आणि डेव्हिड टेबर या दोघांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हेच दाखवून दिले: धातू प्रत्यक्ष जिथे टेकतात ते क्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राच्या मानाने नगण्य असते. म्हणजे सगळा भार त्या मोजक्या शिखरांवर येतो. दाब इतका वाढतो की तिथली कातडी फाटते. खालचा उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला भिडतो. दोन्ही एकाच जातीचे स्टेनलेस असतील तर एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे अणूंना ठरवता येत नाही. दोन्ही तिथल्या तिथे जोडले जातात. आच नाही, वेल्डिंगची कांडी नाही, तरी सांधा तयार होतो.

आपण नट फिरवतच राहतो, म्हणून हा सांधा तुटतो. पण तो नेमका जोडावर तुटत नाही. एका बाजूचा लचका दुसरीकडे चिकटून येतो. स्टेनलेसची आणखी एक खोड अशी की ओढाताण झाली की ते कडक होत जाते. आपल्या भांड्यांच्या जातीत, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या पोलादात, ही खोड ठळक असते. त्यामुळे तुटून आलेला लचका मूळ धातूपेक्षा कठीण होतो आणि पुढच्या फेऱ्यात नांगराच्या फाळासारखा समोरचा पृष्ठभाग उकरत जातो. उकरलेला धातू त्याला चिकटतो, ढेकूळ मोठे होते, आणि एका क्षणी आटे पूर्ण बसतात. भरीला, या जातीच्या पोलादातून उष्णता साध्या पोलादाच्या तिपटीने हळू वाहते. घर्षणाची ऊब जिथल्या तिथे साचते. म्हणून इम्पॅक्ट पाना लावून झर्रकन आवळलेला स्टेनलेसचा नट हाताने सावकाश आवळलेल्यापेक्षा जास्त वेळा जाम होतो. मिस्त्री घाई करतो आणि दोष बोल्टच्या मालावर ढकलतो. अनेकदा माल उत्तम असतो, चूक घाईची असते.

तंत्रज्ञ याला ‘गॉलिंग’ म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही. मला ‘ओरबाड’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण नख लागून कातडी सोलपटावी तसेच हे दिसते. साधी झीज वर्षानुवर्षे कणाकणाने होते. ओरबाड एका फटक्यात होते, आणि झाली की मागे फिरता येत नाही.

हीच ओरबाड १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्वयंभरण पिस्तुलांत दिसू लागली. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र फिरते, घोडा पडतो, पण मोठ्या भाराखाली लांब घसरणारा असा भाग त्यात फारसा नसतो. म्हणून ‘मॉडेल ६०’ सुखाने नांदले. पिस्तुलाची गोष्ट वेगळी. प्रत्येक गोळीला वरची सरक, म्हणजे स्लाइड, सांगाड्यावरच्या खाचांतून वेगाने मागे जाते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येते. सरक आणि सांगाडा दोन्ही सारख्याच स्टेनलेसचे, सारख्याच कठीणपणाचे केले की बोल्ट आणि नट यांचीच कथा सेकंदाच्या अंशात घडते. हॅरी सॅनफर्ड यांचे ‘ऑटो मॅग’ आणि पुढे १९७७ चे ‘एएमटी हार्डबॉलर’ ही या वाटेवरची पहिली पिस्तुले. दिसायला देखणी, न गंजणारी, आणि अडकण्याबद्दल बदनाम. खाचांत ओरबाडल्याचे चरे पडत, सरक जड होई, आणि नवी गोळी घरात बसण्याआधीच ती अर्ध्यावर थांबे.

कारखान्यांनी यातून वाट काढली ती मुख्यतः दोन गोष्टींनी. एक म्हणजे घासणाऱ्या जोडीत एकच धातू ठेवायचा नाही. सरक एका जातीच्या स्टेनलेसची, सांगाडा दुसऱ्या जातीचा, आणि दोघांच्या कठीणपणात मुद्दाम फरक. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नकोच. आपल्याकडे सगोत्र लग्न टाळण्याची चाल जुनी आहे आणि धातूंच्या बाबतीत तरी ती शंभर टक्के शास्त्रीय आहे. पंपाच्या दांड्याला स्टेनलेस आणि त्याच्या बुशला कांस्य ही जोडी याच तत्त्वावर बसवतात. दुसरी वाट म्हणजे पृष्ठभागच बदलायचा: नायट्रोजन मुरवून वरचा थर कठीण करायचा किंवा त्यावर वेगळा लेप द्यायचा. आजच्या चांगल्या स्टेनलेस पिस्तुलांत ओरबाड क्वचित दिसते, पण धोका मुळातून गेलेला नाही. तो वंगणाच्या भरवशावर दाबून ठेवलेला आहे.

टायटॅनियम या बाबतीत स्टेनलेसहून वाईट. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आहे, वजन अवघे अर्धा किलो. गंजाची भीती त्याला जवळजवळ नाहीच. टायटॅनियम टायटॅनियमवर कोरडे घासू द्यायचे नाही, हे पथ्य मात्र अशा प्रत्येक हत्याराला आहे.

स्वयंपाकघरातला चुंबक एकदा स्टीलच्या डब्याला लावून पाहा. चांगल्या १८-८ डब्याला तो धरत नाही, किंवा अगदी पुसट धरतो. स्टेनलेसच्या पिस्तुलाच्या नळीला तो सहसा टपकन चिकटतो. बंदुकीला लागणारा कठीणपणा भांड्यांच्या जातीत येत नाही, म्हणून नळीसाठी आणि सरकेसाठी बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेली, पाणी देऊन कडक करता येणारी जात वापरतात. कापायला सोपे जावे म्हणून तिच्यात कधी गंधकही घालतात, आणि गंधकाने गंजरोधकता आणखी उतरते. म्हणजे हजारो रुपयांचे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर गंजाच्या बाबतीत घरातल्या वरणाच्या पातेल्याच्या मागे असते. घामातले मीठ, चामड्याच्या खोळीत मुरलेला पावसाळी ओलावा, यांनी त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. गंज दिसला म्हणून काहीजण लोखंडी तारेच्या ब्रशने घासतात; त्या तारेचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि आठवड्याने तेच गंजतात. ब्रश नायलॉनचा किंवा कांस्याच्या तारेचा हवा.

बंदूक आणि ओलावा यांचे वैर खान्देशाला नवे नाही. जेम्स आउट्रम याने १८२५ साली खान्देश भिल्ल कोअर उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकांत काळी दारू जळे. तिची राख हवेतले पाणी ओढून घेते, आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळी तांबारते. म्हणून गरम पाण्याने नळी धुणे, कोरडी करणे आणि चरबी किंवा तेलाचा हात फिरवणे हा शिपायाच्या दिनक्रमाचाच भाग असे. एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हाताळलेल्या जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींनाही ‘पुलथ्रू’ची दोरी आणि तिच्या टोकाची चिंधी आठवत असेल. ती शिस्त गंजणाऱ्या लोखंडाने लावली. न गंजणारे पोलाद हाती आले आणि ती सुटू लागली, हे नुकसान मला मोठे वाटते. चिंधी फक्त गंजासाठी नव्हती.

वंगणाचे मूळ काम गंज थोपवणे नाही. दोन रांगांची शिखरे एकमेकांना भिडू न देणे हे आहे. मोटारीच्या बेअरिंगमध्ये दांडा सतत फिरत असतो, त्यामुळे तेल आपोआप आत ओढले जाते आणि दांडा तेलाच्या थरावर तरंगतो. पिस्तुलाच्या सरकेला हे भाग्य नाही. ती हलते, थांबते, उलट फिरते; महिनोन्महिने एका जागी बसून राहते. तेवढ्या वेळात पातळ तेल दाबाखालून निसटते, आणि पहिल्याच गोळीला धातू धातूवर कोरडा घासतो. म्हणून घसरणाऱ्या खाचांना नुसत्या तेलापेक्षा ग्रीस भले, आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीस आणखी भले. या पदार्थाची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते. पाने एकमेकांवरून सहज सरकतात, पण वरून दाबली तर चेंगरून बाहेर पडत नाहीत. पंपाच्या बोल्टलाही हेच चालते.

इथे खान्देशची हवा आडवी येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेले हत्यार त्याहून कितीतरी तापते. त्या उष्णतेत पातळ तेल पाण्यासारखे होऊन ओघळते, त्याचा हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते. शिवणयंत्राचे तेल पातळ, खोबरेल थंडीत गोठणारे. दोन्ही या कामाची नाहीत. मग ग्रीस भरभरून लावावे तर वैशाखातली वावटळ आहे. धुळीतला गारगोटीचा कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतो. तो ग्रीसमध्ये बसला की ग्रीसची पॉलिश-पेस्ट होते आणि जे वाचवायचे तेच ती घासत राहते. उत्तर भारतातल्या थंडीसाठी किंवा कोकणातल्या दमटपणासाठी लिहिलेली सूचना इथे जशीच्या तशी चालत नाही. माझे मत असे: उन्हाळ्यात फक्त घासणाऱ्या खाचांवर, बोटाला जाणवेल न जाणवेल असा ग्रीसचा हात, आणि बाकी हत्यार तेलाच्या चिंधीने पुसून जवळजवळ कोरडे. पावसाळ्यात बाहेरून तेलाचा हात थोडा जास्त, आणि खोळीत हत्यार ठेवायचे नाही.

एका ठिकाणी मात्र वंगण अजिबात नको, आणि ती जागा म्हणजे नळीच्या मागची गोळीची खोली. वरणगावसारख्या निर्माणीत रायफलीची काडतुसे होतात. अशा काडतुसाचे पितळी आवरण साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. गोळी सुटली की हे आवरण फुगून खोलीच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणारा बराचसा जोर त्या पकडीत जिरतो. भिंतीला तेल असेल तर पकड सुटते आणि तो सगळा धक्का मागच्या बोल्टवर, म्हणजे खोली मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो. तेल झिरपून काडतुसाच्या बुडातल्या टोपीत शिरले तर ते काडतूस उडेलच याची खात्री नसते. हेच पितळी आवरण बनवताना मात्र गोष्ट उलटी असते: पितळेची वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत लांब करतात, आणि तिथे वंगण आटले की पितळ साच्याला चिकटून ओरबाडते. एकाच वस्तूला जन्मताना वंगण हवे आणि वापरताना नको.

बाकी यंत्रांबद्दल थोडक्यात. डेअरीच्या स्टेनलेस जोडण्यांना खाण्याजोगे, अन्नासाठी मंजूर असलेलेच ग्रीस लागते. ठिबकच्या फिल्टरवरचे स्टेनलेस बोल्ट दर हंगामात एकदा सोडून, आटे ब्रशने साफ करून पुन्हा बसवले तर ते वर्षानुवर्षे फिरतात. बोल्ट स्टेनलेस आणि नट पितळेचा किंवा स्टेनलेसच्याच वेगळ्या जातीचा मिळाला तर तो घ्यावा. आणि नट अडल्याचे हाताला जाणवले की जोर वाढवायचा नाही. थांबायचे, निवू द्यायचे, झिरपणारे तेल सोडायचे, थोडे उलटे फिरवायचे.

ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांकडे दुर्लक्ष केल्यामुळे देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाया जातात, असा अंदाज मांडला. ‘ट्रायबॉलॉजी’ हे या विद्येचे नाव त्याच अहवालातून जगभर गेले. आपल्या तालुक्यात असा हिशेब कुणी मांडत नाही. तुटलेला बोल्ट, पुन्हा बोलावलेली घोडी, दोन दिवस पाण्यावाचून राहिलेली केळी, हे सगळे ‘मोटारीचा खर्च’ या एका ओळीत जाते.

परवानाधारकांना शेवटी एक सांगायचे आहे. निवडणूक आली की बऱ्याच जणांना आपले हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. ते आठवडेच्या आठवडे पडून राहते, कधी ऐन उन्हाळ्यात, कधी पावसाच्या तोंडावर. जमा करण्याच्या आदल्या दिवशी ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करा, पुसा, खाचांना ग्रीस लावा. परत आणल्यावर कपाटात ठेवण्याआधी त्याच संध्याकाळी जुने ग्रीस पुसून नवे लावा आणि सरक हाताने सावकाश मागे ओढून पाहा. कुठे खरखर जाणवली, तर ते हत्यार चालवू नका. परवानाधारक कारागिराकडे न्या.

आणि बोअरची मोटार पुढच्या वेळी वर येईल तेव्हा बोल्ट बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हाती ग्रीसची डबी आधी द्या, पाना नंतर.